तीळ, पपई आणि आम्ही जावा

एरंडोलच्या आमच्या घरात कुणाला दिवस गेले की ते सगळ्यात आधी स्वयंपाकघराला कळायचं. नवऱ्याला, सासऱ्याला, शेजारणीला नंतर. फोडणीचा वास आला की एखादी सून पदर नाकाला लावून मागच्या दाराशी जायची, आणि त्या दिवशी जिजी, म्हणजे आमच्या सासूबाई, तिच्या ताटातली तिळाची चटणी न बोलता उचलून घ्यायच्या. तेवढ्यावरून आम्ही बाकीच्या जावा काय ते समजायचो. उघड कुणी बोलायचं नाही. तीन महिने उलटेपर्यंत ही गोष्ट बाहेर फोडायची नाही, असा घराचा शिरस्ता होता.

आणि त्या दिवसापासून तिच्या ताटावर साऱ्या घराची नजर बसायची. तीळ नको. पपई नको, पिकलेलीसुद्धा नको. बाजरी उष्ण, गूळ उष्ण, शेंगदाणे उष्ण, लसूण उष्ण. केळं थंड, ताक थंड, रात्रीचं दही तर नावच काढू नका. वांग्याने खाज सुटते, गंगाफळाने पोट धरतं, जास्त जेवलं की मूल मोठं होऊन अडतं. अननस तेव्हा एरंडोलच्या बाजारात दिसायचाही क्वचित, तरी तो नको असलेल्यांत पहिल्या पाचात असायचा. एकेक नाव वगळत गेलं की उरायचं काय? दादर ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, मीठ. ज्यांनी हे नियम सांगितले त्या बाया वाईट नव्हत्या. त्यांच्याइतकी माया मी फार थोड्या माणसांत पाहिली. पण ती माया भीतीच्या वाटेने यायची, आणि भीतीला ताटातून काढून घेणं तेवढं जमायचं. वाढणं जमायचं नाही.

आमचं घर गावठाणातलं, धाब्याचं, जाड मातीच्या भिंतींचं. पांडववाडा हाकेच्या अंतरावर, अंजनी नदी थोडी खाली. एरंडोल म्हणजेच महाभारतातली एकचक्रानगरी, भीमाने बकासुराला मारलं ते गाव, असं इथलं प्रत्येक मूल ऐकत मोठं होतं. गाडाभर अन्नाची ती गोष्ट मोठी माय, आमच्या आजेसासूबाई, अहिराणीत अशी रंगवून सांगायच्या की पोरं घास तोंडात धरून ऐकत बसायची. शेतात कपाशी, दादर, उडीद, मूग, बांधाला तूर. कोठीत धान्य असायचं, गोठ्यात म्हैस असायची. म्हणजे अन्नाचा तुटवडा आमच्या घरात नव्हता, एक बहात्तरच्या दुष्काळाचं साल सोडलं तर. तुटवडा पाळीचा होता. आधी पुरुष जेवायचे, मग पोरं, मग मोठी माय आणि जिजी, मग आम्ही. आमच्यातही थोरली आधी आणि नवी नवरी शेवटी. दुपारचे दोन-अडीच व्हायचे. रस्सा तळाला गेलेला, भाजी असली तर असली, भाकरी मात्र पोटभर. ज्या सुनेला सकाळपासून मळमळतंय, जिला दर दोन तासांनी काहीतरी घशाखाली ढकलायला हवं, तीही याच रांगेत शेवटी.

डोहाळेजेवण व्हायचं सातव्या महिन्यात. तेव्हा हिरवी साडी, फुलांचे दागिने, पंचपक्वान्नं, आप्तेष्ट, गाणी. सारं घर तिच्या तोंडाकडे बघायचं, काय हवं ते विचारायचं. पण सातव्यात बाईची मळमळ केव्हाच गेलेली असते, भूक परतलेली असते. जेव्हा तिचा जीव घाबरा होतो, जेव्हा पाण्याचा घोटही उलटून पडतो, त्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तिच्यासाठी काहीच नसायचं. माहेरहून तिसऱ्यात चोरचोळी यायची, गुपचूप. हिरव्या खणात आईने काहीतरी खाऊ बांधलेला असायचा आणि तोही सासरी आल्यावर तपासला जायचा.

तरीही आमची पिढी तगली ती एकमेकींच्या आधाराने. थोरल्या जाऊबाईंनी मला पहिल्या खेपेला शिकवलं की रात्रीच्या भाकरीचा कडक तुकडा उशाशी ठेवायचा आणि उठायच्या आधी, पाय जमिनीला लावायच्या आधी, तो चावून खायचा. मग थोडं पडून राहायचं. पुढे डॉक्टर बिस्किट किंवा टोस्ट सांगायला लागले, सांगतात ते हेच. ज्वारीच्या लाह्या, आल्याचा तुकडा मिठात घोळवून, लिंबाची फोड, मेहरूणची बोरं. हिवाळ्यात जळगावहून कुणी आलं की पिशवीत बोरं असायचीच. त्यातली मूठभर थोरल्या बाई पदरात लपवून न्हाणीघराशी आणून द्यायच्या. आणि कैऱ्या. आखाजीला माहेरी गेलेल्या पोटुशा पोरी झोक्यावर बसून मीठ-तिखट लावलेली कैरी खायच्या. माहेरची माणसं एवढी नजर ठेवत नसत. खानदेशात आखाजी हा लेकींचा सण, आणि त्यातल्या कित्येकींना अक्षय तृतीयेच्या त्या चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर खायला मिळायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मातीचं सांगायला हवं. खापरावरच्या पुरणपोळीसाठी मोठं खापर असतं, ते फुटलं की त्याचे तुकडे परसात पडायचे. त्या तुकड्यावर पाणी शिंपडलं की असा वास सुटायचा की दिवस गेलेल्या बाईचे पाय तिथेच थांबायचे. धाकट्या जाऊला मी त्या खापराचा तुकडा चाटताना पाहिलं होतं. कुणी पोरांच्या पाटीची पेन्सिल खायचं, कुणी चुलीतली भाजलेली माती. मोठ्या बाया म्हणायच्या, डोहाळे आहेत, बाळ मागतंय. बाळ माती मागत नव्हतं. बाईच्या रक्तात लोह कमी पडलं की अशी विचित्र वासना होते, हे आता सगळ्या डॉक्टरांना ठाऊक आहे. आमच्या धाकटीच्या पापण्यांच्या आतली बाजू पांढरीफटक होती, जिना चढताना ती दोनदा थांबायची. सारं घर तिने बाजरी तर खाल्ली नाही ना, याच्या काळजीत. पापणी ओढून पाहायचं कुणाला सुचलं नाही.

आता मधल्या जाऊबाईंचं सांगते. हा लेख त्यांच्यासाठीच लिहायला घेतला आहे.

पौष महिना होता, संक्रांत. त्यांना तिसरा लागलेला, उलट्या नुकत्याच थांबलेल्या. वाणवशाला आलेल्या बायांपैकी एकीने हातावर तिळगूळ ठेवला. नाही म्हणायचं कसं? नाही म्हटलं तर कारण कळणार, आणि कारण तर सांगायचं नव्हतं. त्यांनी तो तोंडात टाकला. एकच वडी. त्यानंतर पाच-सहा दिवसांनी त्यांच्या पोटात दुखायला लागलं, रात्री अंगावरून जायला लागलं, आणि पहाटेपर्यंत सगळं संपलं. सुईण आली, तिने विचारलं, काय खाल्लं होतं? कुणीतरी तिळगुळाचं नाव घेतलं. बस. निकाल लागला. त्या दिवसापासून त्या घरात ते मूल तिळगुळाने गेलं.

जिजींनी त्यांना कधी टाकून बोललं नाही, हेही खरं. उलट महिनाभर त्यांच्याकडून पाणी भरून घेतलं नाही, डिंकाचे लाडू करून घातले. पण प्रत्येक नव्या सुनेला समजावताना त्यांचं उदाहरण दिलं जायचं, त्यांच्या देखत. “हिचं बघ, एका वडीने काय झालं.” मधल्या बाई मान खाली घालून भाकरी थापत राहायच्या. पुढे त्यांना तीन मुलं झाली, नातवंडं झाली. संक्रांतीला त्या सगळ्यांना तिळगूळ वाटायच्या, गोड बोला म्हणायच्या, स्वतः मात्र आयुष्यभर तीळ तोंडात घातला नाही. भाकरीवरचे तीळसुद्धा नखाने काढायच्या.

कितीतरी वर्षांनी माझ्या भाचीने, ती डॉक्टर आहे, मला समजावून सांगितलं. लक्षात आलेल्या दर शंभर गर्भारपणांपैकी दहा ते वीस पहिल्या काही महिन्यांतच संपतात. त्यातली निम्मी किंवा त्याहून जास्त तर गर्भाच्या पेशींतल्या गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते म्हणून. हे बीज जुळतानाच ठरलेलं असतं. बाईने त्यानंतर काय खाल्लं, काय प्यायलं, जिना चढली की पाणी भरलं, याने ते बदलत नाही. खाण्यातल्या तिळाने गर्भ पडतो असं दाखवणारा पुरावा नाही. तिळात तर चुना असतो, लोह असतं, ज्याची त्या बाईला सगळ्यात जास्त गरज. पपईचं थोडं वेगळं आहे. कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आवळतं, हे २००२ साली सिंगापूरच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं. त्याच प्रयोगात पिकलेल्या पपईच्या रसाने तसं काही झालं नाही. म्हणजे कच्ची पपई टाळावी हे आजीचं म्हणणं निराधार नव्हतं. पण पिकलेल्या पपईच्या फोडीने मूल गेलं म्हणून ज्या बाईला बोल लागला, तिच्यावर अन्याय झाला. शहाद्यापासून रावेरपर्यंत आपल्या खानदेशात पपईचे मळेच्या मळे उभे आहेत. त्या मळ्यांत राबणाऱ्या कित्येक मजूर बायांनी हा बोल ऐकला असेल.

का बोल लावायचो आपण? मला वाटतं, कारण नसलेलं दुःख सोसवत नाही म्हणून. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, गुणसूत्रं कुणाला माहीत नव्हती. पहाटे एक जीव निघून जातो आणि का गेला हे कुणीच सांगत नाही, हे घर कसं सोसणार? मग हाताशी जे असेल ते कारण. तीळ सापडले, तीळ घेतले. त्यात एक दिलासाही होता, की पुढच्या वेळी तीळ टाळले म्हणजे मूल राहील. हा दिलासा घराला मिळाला आणि त्याची किंमत एकट्या बाईने मोजली.

बहात्तरच्या दुष्काळाने एक गोष्ट मात्र उघडी पाडली. त्या वर्षी कोठी रिकामी झाली. रेशनवर मिलो आला, अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी. त्याची भाकरी तव्यावर फुगायची नाही, घशाखाली उतरायची नाही, वास वेगळाच. थोरल्या जाऊबाई तेव्हा दुसऱ्या खेपेला पोटुशी होत्या. त्या वर्षी घरात उष्ण-थंड हा शब्द कुणी काढला नाही. मिलो उष्ण की थंड, कोण सांगणार? जे मिळालं ते खाल्लं. दुष्काळी कामांवर गावातल्या बाया खडी फोडायला गेल्या, त्यात चार-पाच महिन्यांच्या गर्भार बायाही होत्या. तिथे सुकडी मिळायची म्हणून जायच्या. घरी आल्यावर सुकडीतली अर्धी पोरांच्या हातावर ठेवायच्या. तेव्हा मोठी माय, जी एरवी सगळ्यात जास्त नियम सांगायची, उंबऱ्यात बसून थोरलीला म्हणायची, “खाय ले वं पोरी, कसाले घाबरस? पोटम्हा जीव शे, उपाशी राहू नको.” थोरल्यांचं मूल जगलं. अगदी बारीक होतं जन्मताना, कापसात गुंडाळून ठेवलं होतं. पण ते जगलं, आणि मिलो खाऊन जगलं. पाऊस पडला, कोठी भरली, आणि नियम परत आले.

त्या नियमांतला सगळ्यात कडक दिवस मला तारखेनिशी आठवतो. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार, सूर्यग्रहण. कर्नाटक, आंध्र, ओडिशाच्या पट्ट्यात ते खग्रास होतं, आमच्याकडे खंडग्रास. पण भीती मात्र सगळीकडे खग्रासच होती. रस्ते ओस पडलेले, दारं-खिडक्या बंद. धाकट्या जाऊला तेव्हा तिसरा महिना चालू होता. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, म्हणून तिला आदल्या रात्रीपासून अन्न नाही. सकाळी पाणीही बंद. कोनाड्याच्या अंधाऱ्या खोलीत तिला पाठीवर निजवलं, कूस बदलायची नाही, हाताची मूठ वळायची नाही, सुरी-विळीला शिवायचं नाही. तिची मळमळ त्या दिवसांत भर जोरात होती. रिकाम्या पोटी मळमळ दुप्पट होते, हे जिला झालं तिलाच कळतं. संध्याकाळी मोक्ष झाल्यावर तिला उठवलं तर ती भिंतीला धरून खाली बसली. आपल्या पंचांगातच दर ग्रहणाला लिहिलेलं असतं की बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांनी वेध उशिरापासून पाळावेत. शास्त्राने सवलत दिली होती. घराने ती वाचली नाही, कारण घाबरलेलं माणूस सवलतीचं वाक्य वाचतच नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातही गर्भिणीला महिन्यामहिन्याने काय द्यावं हे सांगितलं आहे: पहिल्या महिन्यात दूध, दुसऱ्यात मधुर औषधींनी सिद्ध केलेलं दूध, तिसऱ्यात मध-तूप घातलेलं दूध, चौथ्यात लोणी. सगळी यादी ‘द्या’ची आहे. आमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत ती ‘देऊ नका’ची कशी झाली, याचं मला फार वाईट वाटतं.

नर्सबाई घरी यायला लागल्या त्याच सुमारास. सरकारने १९७० पासून गर्भार बायांना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या द्यायचा कार्यक्रम सुरू केला होता. नर्सबाई कागदाच्या पुडीत गोळ्या बांधून द्यायच्या. त्या गोळ्यांनी शौचाला काळं व्हायचं, त्यावरून घरात ठरलं की मूलही काळं होणार. पुड्या उकिरड्यावर गेल्या. ज्या सुना गोळी घ्यायच्या त्या चहाबरोबर घ्यायच्या, आणि चहा तर लोह अंगी लागू देत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली असती तर लागलं असतं. हे सांगायला नर्सबाईंना उसंत नव्हती, त्यांच्याकडे गावं बरीच होती.

या गोळीची कहाणी आपल्या मुंबईतली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई १९२८ साली मुंबईला आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायांना गर्भारपणात भयंकर पंडुरोग व्हायचा, कित्येकी दगावायच्या. विल्सबाई त्यांच्या घरी गेल्या, त्या काय खातात ते पाहिलं, हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये प्राण्यांवर प्रयोग केले, आणि यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने हा पंडुरोग बरा होतो, हे १९३१ साली प्रसिद्ध केलं. यीस्टमध्ये जे काही गुणकारी होतं, ते म्हणजे पुढे १९४१ साली पालकातून वेगळं काढलेलं फॉलिक ॲसिड. ज्या गिरण्यांत आमच्या खानदेशचा कापूस जायचा, त्याच गिरण्यांतल्या बायांमुळे जगाला ही गोळी मिळाली. विल्सबाईंनी काय केलं बघा: बाईला काय वर्ज्य करायचं हे त्यांनी शोधलं नाही. तिच्या ताटात काय कमी आहे, हे शोधलं.

आणि ते आमच्या परसात उगवत होतं. पोकळा, मेथी, अंबाडी, घोळ, पावसाळ्यात बांधावरची फांगाची भाजी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ नंतर पुण्याजवळच्या सहा गावांत शेकडो गर्भार बायांचा अभ्यास केला. ज्या बाया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूधदुभतं अधिक वेळा खायच्या त्यांची बाळं अधिक वजनाची झाली. त्या गावांत बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं. हे वाचलं तेव्हा मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. भाजी शिजायची, पण ती पंगतीत संपायची. शेवटच्या सुनेपर्यंत पोकळ्याचा एक घास आला तर तो सणच.

अजून एक गोष्ट डोळ्यांसमोर होती आणि दिसत नव्हती. मिसरी. चुलीच्या निखाऱ्यावर तंबाखू भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी दात घासायला, दुपारी काम आटोपल्यावर, रात्री झोपताना. आमच्यातल्या दोघींना मिसरीची सवय होती आणि मळमळ वाढली की त्या जास्तच लावायच्या, तेवढ्यापुरतं बरं वाटतं म्हणून. तिळाला हात लावू न देणारं घर मिसरीची डबी हातात आणून द्यायचं. मुंबईत १२१७ गर्भार बायांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की तंबाखू, मिसरी अशा न ओढायच्या तंबाखूने बाळाचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने घटतं, आणि दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोकाही वाढतो. खरं विष हे होतं, आणि त्याच्यावर कुणाचीही नजर नव्हती.

पाण्याचंही तसंच. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ व्हायचं, हंड्यात तुरटी फिरवायची, झालं. तुरटीने गाळ बसतो, काविळीचा विषाणू मरत नाही. दूषित पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ एरवी माणसाला पंधरा-वीस दिवस झोपवून जाते. गर्भार बाईला, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, ती जिवावर उठते. गल्लीतली एक बाई अशीच गेली. नजर लागली म्हणाले. पाणी उकळायला जळण लागतं, आणि जळण भाकरीला पुरवायचं असतं, हेही मी विसरलेले नाही.

औषधाच्या गोळीबद्दल मात्र आमच्या गावातले तेव्हाचे डॉक्टर फार सावध होते आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. धाकटीच्या उलट्या थांबेनात म्हणून दीर जोराची गोळी मागायला गेले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना थॅलिडोमाइडचं नाव सांगितलं. १९५७ साली पश्चिम जर्मनीत विकायला आलेली ही गोळी गर्भार बायांनी मळमळीवर घेतली आणि जगभरात दहा हजारांच्या वर बाळं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली. १९६१च्या अखेरीस ती मागे घेतली. पहिल्या तीन महिन्यांत विचारल्याशिवाय गोळी नाही, हा धडा जगाने तेव्हा शिकला. डॉक्टरांनी धाकटीला मीठ-साखरेचं पाणी, थोडंथोडं खाणं, आणि पाणीसुद्धा टिकेनासं झालं तर लगेच सलाइन, एवढं सांगून पाठवलं. तेवढ्याने ती उठून बसली.

आता आमच्या घराच्या पोरी पुण्यात, नाशकात, एक तर पार टोरांटोत आहे. गावातलं धाब्याचं घर जाऊन तिथे स्लॅब पडला. काळजी मात्र तीच आहे, जागा बदलली आहे. नातसुनेचा रात्री अकराला फोन येतो: “आजी, ऑफिसात चुकून तिळाची चिक्की खाल्ली. आणि आज कॉफी दोन कप झाली. काही होईल का?” आवाज तसाच, घाबरलेला, जो मी कोनाड्याच्या खोलीतून ऐकला होता. फरक एवढाच की हिला सांगणारी जिजी एक नाही, हजार आहेत, आणि प्रत्येकीची यादी वेगळी. मी तिला म्हणते, चिक्कीने काही होत नाही गं. दिवसाला दोन-तीन कप चहा चालतो. जागतिक आरोग्य संघटना सावध करते ती ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅफिन घेणाऱ्यांना. दूध न तापवता पिऊ नकोस, अर्धकच्चं अंडं-मटण नको, दारू-तंबाखू नको, पाणी चांगलं पी, मनाने गोळ्या घेऊ नकोस. झाली यादी. बाकी जे पोटात टिकतं ते खा. भाकरी टिकली तर भाकरी, नुसता आमरस टिकला तर आमरस.

आणि फॉलिक ॲसिड. बाळाच्या पाठीच्या कण्याची, मेंदूची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांच्या आत मिटते. आमच्या वेळी दोन पाळ्या चुकल्याशिवाय कुणाला खात्री नसायची, म्हणजे घराला सुगावा लागून तिळाची चटणी ताटातून निघायची तोवर ते काम आटोपलेलं असायचं. म्हणून ही गोळी मूल हवं असं ठरलं तेव्हाच सुरू करायची असते, रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस जाण्याआधी महिनाभर तरी. आमच्या आशाताई आता नवविवाहितांना हे सांगतात, आणि सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांवर २०१५ पासून अमृत आहार योजनेत गर्भार बाईला अंगणवाडीत एक वेळचं गरम, पूर्ण जेवण मिळतं. जेवण अंगणवाडीत बसूनच खायचं असतं, घरी न्यायचं नसतं. ज्याने कुणी ही अट घातली त्याला आमची घरं नीट ठाऊक होती. मला एकच उणीव वाटते: ते जेवण शेवटच्या तीन महिन्यांत सुरू होतं. पहिल्या तीनमध्येही सुरू व्हायला हवं.

देशात आजही निम्म्याहून अधिक गर्भार बायांना रक्त कमी आहे, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. ती त्यांच्या ताटातल्या तिळाने आलेली कमतरता नाही.

मोठी माय गेली, जिजी गेल्या, थोरल्या जाऊबाईही गेल्या. मधल्या आहेत. गेल्या संक्रांतीला भाचीला घेऊन मी त्यांच्याकडे गेले. भाचीने त्यांचा हात हातात घेऊन, डॉक्टर म्हणून, सांगितलं की मामी, ते बाळ तिळगुळाने गेलं नव्हतं, ते तुमच्याकडून काही चुकल्यामुळे गेलं नव्हतं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, “नक्की?” भाची म्हणाली, नक्की. त्यांनी तीळ खाल्ले नाहीत. एवढ्या वर्षांची सवय. पण हे त्यांना कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

तुमच्या घरातही अशी एखादी काकू, आजी, मावशी असेल, जिच्या नावावर पपईची एक फोड किंवा तिळाची एक वडी लिहून ठेवली आहे. ती हयात असेल तर या आठवड्यात तिच्याकडे जा आणि तिला हे स्पष्ट शब्दांत सांगा. आणि घरात कुणाला नुकते दिवस गेले असतील, तर उद्यापासून पहिलं ताट तिचं वाढा.